नोंदीबाहेरचे मूल



वसंत ऋतूत संध्याकाळी एकत्र बसून चार विचार ऐकण्याची चाल महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानडे यांच्या काळापासून, म्हणजे पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तेव्हापासून आहे. त्या चालीला धरून लोहाऱ्याच्या या मांडवात आम्हांस बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही शिवकालाचा किंवा मुक्तिसंग्रामाचा विषय घेऊ, अशी पुष्कळांची अपेक्षा असावी. आम्ही घेतलेला विषय त्या मानाने घरगुती आहे. लहान मुलांस टोचावयाच्या लशीचा इतिहास हा तो विषय होय. वाढत्या शहरांत पुष्कळ मुले लशीवाचून का राहतात, हा प्रश्न आज वैद्यांपुढे आहे. आमच्या मते त्याचे अर्धे उत्तर इतिहासात सापडते, आणि त्या उत्तराचा एक धागा थेट आपल्या लोहाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

आपल्या भाषेतील एक चमत्कारिक शब्दप्रयोग प्रथम ध्यानात घ्यावा. अंगावर फोड उठवून माणूस मारणारा तो भयंकर रोग आला, म्हणजे आपले लोक 'देवी आल्या' असे म्हणत; आणि तो येऊ नये म्हणून मुलाच्या दंडावर टोचून घेतले, म्हणजे 'देवी काढल्या' असे म्हणत. रोगाला आणि त्याच्या निवारणाला लोकांनी एकच नाव दिले. या मांडवात जे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांनी आपला दंड चाचपून पाहावा. देवी काढल्याचा गोल वण बहुतेकांस सापडेल. त्यांच्या मुलांच्या दंडावर मात्र देवीचा वण नाही, कारण तो रोगच जगातून नाहीसा झाला. माणसाने प्रयत्नपूर्वक पृथ्वीवरून हाकलून लावलेला असा मानवी रोग आजवर हा एकच आहे. हा विजय कसा मिळाला हे समजले, म्हणजे गोवरासारख्या रोगापुढे आपण आजही अधूनमधून का हरतो, हेही समजेल.

सर्वसाधारण समजूत अशी की, शहरात दवाखाने जवळ, डॉक्टर पुष्कळ, लोक शिकलेले. तेव्हा लस टोचलेल्या मुलांचे प्रमाण शहरात अधिक आणि खेड्यात कमी असणार. एके काळी ती खरीही होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ साली देशात एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी सर्व लशी मिळालेली मुले शहरांत शेकडा सुमारे ५८ होती, तर खेड्यांत सुमारे ३९. २०१५-१६ साली शहर ६३.९ आणि खेडे ६१.३ असे अंतर उरले. २०१९-२१ च्या पाहणीत खेडी ७६.८ वर गेली आणि शहरे ७५.५ वर राहिली. फरक लहान आहे हे आम्ही कबूल करतो. परंतु पंधरा वर्षांत खेड्याने जवळजवळ दुपटीची मजल मारून शहरास गाठावे, किंचित मागेही टाकावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. आपल्या महाराष्ट्राचे आकडे तर आणखी बोलके आहेत. १९९८-९९ साली शेकडा ७८ च्या वर असलेले आपले प्रमाण २००५-०६ मध्ये ५९ च्या आसपास घसरले, २०१५-१६ मध्ये ५६ वर आले आणि २०१९-२१ मध्ये ७३.५ पर्यंत सावरले. देशातील पुढारलेल्या आणि सर्वांत अधिक शहरे असलेल्या राज्यांपैकी एका राज्याची ही कहाणी आहे. दवाखाने कमी झाले नव्हते. लस महाग झाली नव्हती, ती सरकारी दवाखान्यात फुकटच मिळत होती. मग काय झाले?

या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी आपणांस १८०२ सालच्या मुंबईत जावे लागेल.

इंग्लंडात एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली गायीच्या देवीची लस एका आठ वर्षांच्या मुलाला टोचून देवीच्या रोगापासून संरक्षण मिळते, असे दाखविले. ती लस हिंदुस्थानात आणणे फार कठीण होते. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती, आणि उष्ण हवेत लशीचे द्रव्य प्रवासात मरून जाई. शेवटी व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा अशा मार्गाने ते मुंबईस आले, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ते लागले. हिंदुस्थानात यशस्वीपणे लस घेतलेली ही पहिली व्यक्ती होय. तिच्या दंडावरील फोडातून काढलेले द्रव्य पुढच्या मुलांस टोचण्यात आले, त्यांच्याकडून आणखी पुढच्यांस, आणि याप्रमाणे ती लस पुणे, सुरत, मद्रास येथे व निजामाच्या हैदराबादेसही गेली. आपला हा मुलूख त्या वेळी हैदराबादच्या अमलाखालचा. तेव्हा लशीची वाट मुंबईहून आपल्या राजधानीपर्यंत त्याच काळी उघडली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या हकीकतीतील एक बारकावा आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. त्या काळची लस कुपीत नसे. ती मुलाच्या दंडात असे. आज टोचलेले मूल साधारण आठव्या दिवशी परत आणावे लागे, त्याचा फोड भरला आहे की नाही हे पाहावे लागे, आणि त्यातूनच दुसऱ्या मुलांसाठी द्रव्य घ्यावे लागे. मूल परत आले नाही, तर त्याला लस लागली की नाही हे कळत नसे, आणि साखळीही तुटे. आईबापांस हे आवडत नसे, आणि त्यांच्या नाखुशीला कारणे होती. फोड उघडताना मूल रडे. कोणाचे द्रव्य आपल्या मुलाच्या अंगात जाते याविषयी जातीपातीचा विचार मनात येई. आणि एकाच्या अंगातील दुसरा एखादा रोग आपल्या मुलास लागेल ही भीती तर मुळीच खोटी नव्हती. पुढे वासराच्या अंगावर लस तयार करण्याची पद्धत आली, तेव्हा हा आक्षेप मागे पडला. परंतु मुलाने ठरल्या दिवशी परत आले पाहिजे, ही अट मागे पडली नाही. आजही दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने आणि दीड वर्ष असे मूल पुन्हा पुन्हा आणावे लागते. लसीकरणाचे यश टोचणाऱ्याच्या हातात जितके आहे, तितकेच ते मूल परत येण्यात आहे. आणि मूल परत यावयाचे, तर ते कोठे राहते हे कोणास तरी ठाऊक असले पाहिजे.

खेड्यात ही गोष्ट आपोआप घडे. कोणाच्या घरी पाळणा हलला हे वेशीपासून वेशीपर्यंत संध्याकाळच्या आत कळे. सुईणीस ठाऊक, पाटलास ठाऊक, शेजारणीस तर आधीच ठाऊक. शहरात मात्र हे अवघड होत गेले.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली उभारावयास घेतली. १८७२ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ६,४४,४०५ भरली. १८९१ साली ती ८,२१,७६४ झाली. कोकणातून आणि घाटावरून माणसे येत, चाळीत एका खोलीत दहा-दहा जण राहत, शेतीच्या हंगामास परत जात. १८७७ साली सरकारने मुंबई शहरासाठी लस टोचण्याच्या सक्तीचा कायदा केला आणि १८८० साली हिंदुस्थानातील इतर नगरपालिकांस व छावण्यांस लागू करता येईल असा दुसरा कायदा झाला. कायदा कागदावर सोपा होता. परंतु ज्या मुलाचा जन्म रत्नागिरीच्या खेड्यात झाला, जे चार महिन्यांचे असताना आईच्या कडेवर बोटीतून मुंबईस आले आणि परळच्या एखाद्या चाळीत मावशीच्या खोलीत राहिले, ते मूल मुंबईच्या जन्मनोंदीत कसे असणार? सक्ती करावयाची तरी कोणावर?

ही अडचण किती मोठी होती, ते १९२१ च्या आकड्यांवरून दिसते. त्या वर्षीच्या शिरगणतीत मुंबईतील शंभर माणसांपैकी सुमारे ८४ मुंबईबाहेर जन्मलेली निघाली. त्याच वर्षी मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भकांच्या मृत्यूची नोंद झाली. हजारी सहाशे! हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. मुंबईतील गरिबांची मुले भयंकर प्रमाणात मरत होती, यात संशय नाही. परंतु त्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कामगारांच्या बायका बाळंतपणासाठी गावी जात. मुलाचा जन्म नोंदला तर तो गावी नोंदला जाई. आणि मूल मुंबईस येऊन मेले, म्हणजे त्याचा मृत्यू मुंबईत नोंदला जाई. शहराच्या दप्तरात अशा मुलाचा प्रवेश मृत्यूनेच होत असे. जिवंतपणी त्याची दखल घेणारे एकही पान त्या शहराजवळ नव्हते. आमच्या मते शहरातील लसीकरणाच्या सर्व इतिहासाची किल्ली या एका गोष्टीत आहे.

येथे कोणी म्हणेल की, मग नोंदी करा, घरोघर जा, दारे ठोठावा. यात अवघड ते काय? तेव्हा १८९६ चा प्लेग आठवावा. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. सरकारने घरोघर तपासणी सुरू केली. दुखणेकरी आढळला की त्याला उचलून इस्पितळात नेत, घरच्यांस वेगळे ठेवीत, सामान जाळीत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. तोवर जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली होती, आणि पळणाऱ्यांबरोबर प्लेग दख्खनभर पसरला. पुण्यात रँडच्या कारभाराने काय घडले, ते २२ जून १८९७ च्या गोळीबारामुळे सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवसांत आपले नाव, आपले घर आणि आपले दुखणे सरकारच्या वहीत जाणे म्हणजे संकट ओढवून घेणे, असा धडा लोक शिकले. तो धडा चुकीचा होता, असे आम्हांस म्हणवत नाही.

त्याच मुंबईत त्याच महिन्यांत दुसरी एक गोष्ट घडत होती. वाल्डेमार हाफकीन हा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस दिली. आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर ती स्वतःस टोचून घेतली आणि त्यांच्या जमातीतील पुष्कळ लोक पुढे आले. एकीकडे शिपाई दार फोडून आत शिरत होता, आणि दुसरीकडे वडील माणूस बाही वर करून बसला होता. घरात शिरणाऱ्याविषयी लोकांस विश्वास वाटतो की नाही, यावर पुढचे सारे ठरते. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असतानाच १० मार्च १८९७ रोजी वारल्या. रोग्याच्या दाराशी त्याही गेल्या होत्या आणि गोरा शिपाईही गेला होता. पण त्या दोन जाण्यांत किती अंतर होते, हे आम्ही सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर, १९६२ साली, देवीचे राष्ट्रीय निर्मूलन हाती घेण्यात आले. तीन वर्षांत शेकडा ८० लोकांस टोचावे, म्हणजे रोग आपोआप थांबेल, असा पहिला हिशेब होता. कित्येक ठिकाणी तो हिशेब पुराही झाला. तरी देवी हटल्या नाहीत. कारण राहिलेले शेकडा २० लोक देशभर सारखे पसरलेले नव्हते. ते एकगठ्ठा राहत होते: पालांवर, झोपड्यांत, कामाच्या जागी, फिरत्या वस्त्यांत. ज्याला टोचणे सोपे, त्याला दोनदा टोचले गेले. ज्याला शोधावे लागते, तो तसाच राहिला. तेव्हा पद्धत बदलली. कार्यकर्ते देवीच्या रोग्याचे चित्र हातात घेऊन बाजारांत, शाळांत आणि घरोघर हिंडले. 'असा रोगी कोठे पाहिलात काय?' असे विचारीत गेले. रोगी दाखविणारास बक्षीस ठेवले. ते वाढत वाढत १९७५ मध्ये एक हजार रुपयांपर्यंत गेले. एक रोगी सापडला की त्याच्या भोवतालच्या प्रत्येक माणसाची यादी करून टोचणी होई. १९७५ च्या मे महिन्यात देशातील शेवटचा रोगी सापडला. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला, आणि १९८० मध्ये सर्व जग. सरासरीने हा रोग गेला नाही. एकेक माणूस शोधल्याने गेला.

हा धडा आपण पोलिओच्या वेळी पुन्हा गिरवला. १९९५ साली देशव्यापी पोलिओ मोहीम सुरू झाली. २००९ साली जगातील पोलिओच्या १,६०४ रोग्यांपैकी ७४१ भारतात होते. मग वीटभट्ट्या, बांधकामे, साखर कारखान्यांच्या आसपासची खोपटी, रेल्वे स्थानके आणि बस स्थानके यांच्या याद्या झाल्या. घराच्या दारावर खडूने खूण आणि मुलाच्या बोटावर शाईचा ठिपका आला. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे शेवटचा रोगी आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. धावत्या गाडीतील मूलसुद्धा शोधता येते, हे आपण स्वतःच सिद्ध करून दाखविले आहे.

मग प्रश्न असा की, जे दोन थेंबांसाठी केले, ते बाकीच्या लशींसाठी का होत नाही? १९७८ साली मुलांच्या लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम निघाला, तेव्हा तो मुख्यतः शहरांपुरताच होता. १९८५ पासून तो सार्वत्रिक झाला आणि जिल्ह्यामागून जिल्हा घेत खेड्यांत गेला. खेड्यांत उपकेंद्राची नर्सबाई होतीच. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने प्रत्येक हजार वस्तीमागे एक आशाताई नेमली. ही आशाताई त्याच गावची सून असते. कोणास दिवस गेले, कोण माहेरी गेली, कोणाचे मूल नऊ महिन्यांचे झाले, हे ती वही न उघडता सांगू शकते. खेड्याने शहरास गाठले, त्यात या बाईच्या चपलांचा वाटा फार मोठा आहे. शहरांसाठी तसे अभियान २०१३ साली निघाले; म्हणजे आठ वर्षे उशिरा. आणि या काळात शहरे थांबली नव्हती. एकट्या पिंपरी-चिंचवडचे उदाहरण घ्या. २००१ साली त्याची वस्ती सुमारे १० लाख होती, ती २०११ साली १७ लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत सात लाख माणसे ज्या गावात नव्याने दाखल होतात, तेथे आशाताईची वही कितीदा बदलावी लागेल?

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ उघड झाली आणि मुले दगावली. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगाव येथेही रोग आढळला. ही तिन्ही ठिकाणे दाट वस्तीची, मजुरांची आणि बाहेरून आलेल्यांची. गोवर हा फार झपाट्याने पसरणारा रोग असून त्याला थोपविण्यास शंभरांतील ९५ मुले सुरक्षित असावी लागतात. करोनाच्या दोन वर्षांत नित्याचे लसीकरण मागे पडले होते, हे खरे. परंतु मागे पडले ते सर्वत्र, आणि साथ प्रथम पेटली ती ठरावीक वस्त्यांत. साथीच्या जागी मग घरोघर पाहणी झाली. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांस जादा मात्रा द्यावी, असे ठरले. धर्मगुरूंस आणि वस्तीतील वडीलधाऱ्यांस विनंती करण्यात आली. १८९७ चा धडा वाया गेला नाही, हे पाहून आम्हांस बरे वाटले. तथापि हा शोध आधी व्हावयास हवा होता.

अशा वस्त्यांविषयी बोलताना सुशिक्षित मंडळी 'अज्ञान' हा शब्द फार सहज वापरतात. अज्ञान आहे, अफवा आहेत, लशीने मूल वांझ होईल अशा वेड्या समजुतीही ऐकू येतात. ते आम्ही नाकारीत नाही. पण त्या आईचा दिवस पाहावा. लस आठवड्यातील ठरल्या वारी सकाळी मिळते; ती वेळ तिच्या मजुरीची असते. लस घेतल्यावर मुलास ताप येतो, ते रात्रभर रडते, आणि दुसऱ्या दिवसाचीही मजुरी बुडते. घर भाड्याचे, दर अकरा महिन्यांनी बदलणारे. झोपडी कागदोपत्री बेकायदा. म्हणून वही घेऊन कोणी आले की घर पाडण्याची नोटीस आली की काय, अशी धास्ती. प्लेगच्या दिवसांतील चाळकरी आणि आजचा झोपडीकर यांच्या भीतीत आम्हांस फारसा फरक दिसत नाही.

आता लोहाऱ्याकडे येऊ. आपल्या तालुक्यातून किती माणसे पुण्यास, मुंबईस, सोलापुरास गेली आहेत, हे प्रत्येकाने आपल्याच गल्लीत मोजावे. दसऱ्यानंतर ऊसतोडीस जाणाऱ्या जोड्या निराळ्याच. आमच्या माहितीतील एक गोष्ट सांगतो. येथील एक मुलगी पुण्याकडे दिलेली. पहिलटकरीण म्हणून बाळंतपणास माहेरी आली. मूल येथेच झाले. जन्माच्या वेळची लस, पुढे दीड महिन्याची, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची, साऱ्या लशी आशाताईने दारी येऊन आठवण देऊन टोचवल्या. पाचव्या महिन्यात ती सासरी गेली. नवरा बांधकामावर. लसीकरणाचे कार्ड आजीने जपून ठेवावे म्हणून लोखंडी पेटीत लुगड्याच्या घडीखाली ठेवले, आणि ते तेथेच राहिले. नवव्या महिन्यात ती मुलास घेऊन तिकडच्या एका दवाखान्यात गेली, तर कार्ड कोठे आणि पत्ता कोणता, एवढ्यावरच बोलणे संपले. एक दिवसाची मजुरी बुडाली होती. ती पुन्हा गेली नाही. अकराव्या महिन्यात मुलास गोवर निघाला, त्यातून छातीत कफ दाटला. मूल वाचले. पण तीन आठवडे घरात कमाई नव्हती, आणि अंगावरची पोत गहाण पडली.

या गोष्टीत दोषी कोण? कार्ड नसले तरी मुलास परत पाठवू नये, असाच वैद्यकाचा नियम आहे. तो तेथे पाळला गेला नाही. पण लोहाऱ्याच्या वहीत ते मूल 'स्थलांतरित' म्हणून बंद झाले, आणि तिकडच्या वहीत ते कधी उघडलेच नाही. १९२१ च्या गिरणीकामगाराचे मूल आणि आमच्या गल्लीतील हे मूल, दोघेही दोन वह्यांच्या मधल्या जागेत हरवले. विशेष हे की, आपल्या चालीरीतीप्रमाणे आई मुलास घेऊन माहेरून सासरी किंवा शहरी जाते तो काळ, आणि गोवराच्या लशीचा काळ, हे एकमेकांस अगदी लागून आहेत. म्हणून ही लस चुकते. तेव्हा शहरातील कमी लसीकरण हा केवळ शहराचा प्रश्न आहे, असे समजून आपण स्वस्थ बसू नये. त्या शहराच्या शेकडा आकड्यांत आपली नातवंडे आहेत.

यादीत नाव असण्याची किंमत या भागाला कोणी शिकवावयाची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपाने गावेच्या गावे झोपेत गाडली. पुढे लातूर आणि आपल्या जिल्ह्यातील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. कोणाचे नाव यादीत आहे आणि कोणाचे राहिले, यावर त्या दिवसांत तंबू, धान्य आणि पुढे घर मिळणे अवलंबून होते. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना यादी हा शब्द कोरडा वाटणार नाही.

यादी आता यंत्रातही होऊ लागली आहे. २०२३ पासून यू-विन नावाची व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली असून मुलाची लसनोंद देशात कोठेही पाहता यावी, हा तिचा हेतू आहे. हेतू उत्तम आहे. परंतु यंत्रात नाव चढविण्यास आधी मूल कोणास तरी दिसले पाहिजे, आणि ते पाहण्यासाठी कोणास तरी जिना चढून जावे लागते. शहराने आपल्या बांधकामांवर, भाड्याच्या खोल्यांत, पुलाखालच्या पालांत पोलिओच्या वेळी जसा शोध घेतला, तसा वर्षभर घ्यावा. संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी लस द्यावी. कागद न मागता मूल पाहावे. आणि लस टोचण्याची वही घर पाडणाऱ्याच्या हाती कधीही जाऊ देऊ नये. एवढे झाले, तर अज्ञानाविरुद्धच्या व्याख्यानांची गरज पुष्कळ कमी होईल.

आणि लोहाऱ्याने काय करावे? मोठे काही नाही. मुलगी मुलासह निघाली, म्हणजे तिच्या ओटीत खण-नारळ घालतो, डब्यात लाडू देतो. त्याबरोबर ते कार्ड द्यावे. पेटीत जपून ठेवण्याची ती वस्तू नव्हे, बरोबर नेण्याची आहे. आशाताईने नाव कापताना तिकडचा पत्ता लिहून घ्यावा, आणि आजोबाने नवव्या महिन्यात एकदा फोन करून 'गोवराची लस झाली का?' एवढे विचारावे. ऊसतोडीच्या जोड्या आता परत आल्या आहेत. त्यांच्या मुलांच्या मात्रा पावसाळा लागण्यापूर्वी मोजून घ्याव्यात.

१८०२ साली मुंबईत एका मुलीच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, असे करीत ती लस आपल्या प्रांतात आली. ती साखळी टिकली, कारण प्रत्येक मूल आठव्या दिवशी कोठे भेटेल हे कोणास तरी ठाऊक होते. आज लस कुपीत सुरक्षित आहे, थंड पेटीत आहे, फुकट आहे. मूल कोठे आहे, एवढेच विचारावयाचे राहिले आहे. आम्ही हे भाषण संपवितो, तेव्हा येथून उठून घरी जाणाऱ्या प्रत्येकाने तो प्रश्न आपल्या घरच्या पुण्यामुंबईकडील लेकराविषयी आज रात्रीच विचारावा, अशी आमची विनंती आहे.